जांगल मांस आणि माळावरची शेळी



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, ते माळकरी होते. त्यांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या मंचावरून मांसाबद्दल बोलावे का, असे दोन-तीन जणांनी संयोजकांना विचारल्याचे माझ्या कानावर आले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, गुरुजींनी आयुष्यभर ज्या मुलांना शिकवले, त्यांतली निम्मी मुले मांस खाणाऱ्या घरांतली होती. त्यांच्या ताटात काय पडते, त्यातून त्यांच्या अंगी किती रक्त लागते, याची चौकशी करणे हेही मला शिक्षकाचेच काम वाटते. जे खात नाहीत त्यांनी खावे, असे सांगायला मी आलेलो नाही. जे खातात, त्यांना चांगले मिळावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

विषय आहे रानातल्या प्राण्यांचे कमी चरबीचे मांस. त्यात काय असते? ते इतके गुणाचे का मानले गेले? आणि तो गुण आज, कायदा न मोडता आणि रान न ओरबाडता, आपल्या ताटात येऊ शकतो का? हे तीन प्रश्न याच क्रमाने घेतो. तिसऱ्याला वेळ जास्त लागेल.

हा विचार नवा आहे का? मुळीच नाही. चरकसंहितेत मांसाचे वर्ग पाडले आहेत, आणि ते प्राणी कुठे राहतो, काय खातो, कसा चालतो यावरून पाडले आहेत. पाणथळ, दलदलीच्या भागातल्या प्राण्यांचे मांस जड आणि स्निग्ध. कोरड्या, उघड्या मुलखात फिरणाऱ्यांचे, म्हणजे जांगल मांस, हलके. कोणत्या वर्गात सर्वांत हितकर काय, अशी यादीच तिथे आहे. मृगांमध्ये काळवीट, पक्ष्यांमध्ये लावा, बिळात राहणाऱ्यांमध्ये घोरपड. जरा थांबून विचार करा. काळवीट, लावा, घोरपड हे तिन्ही आपल्या मराठवाड्याच्या माळाचे रहिवासी! तो कोरडा मुलूख म्हणजे आपलाच मुलूख.

लातूरहून निलंगा ओलांडून पुढे गेलात की बसवकल्याण लागते. कल्याणीच्या चालुक्यांची ती राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे. हरणाचे, रानडुकराचे, पाखरांचे मांस कसे भाजावे, कसे शिजवावे याचे तपशील आहेत. शेतातले उंदीर भाजण्याची कृतीही आहे. म्हणजे राजाच्या पंक्तीला जे होते, त्यातले बरेच काही शेतमजुराच्या चुलीवरही होते. पुढे आपण वरचे आणि खालचे अन्न अशी जी भिंत बांधली, ती या ग्रंथात एवढी उंच दिसत नाही.

आता पहिला प्रश्न. या मांसात असते काय?

मी आयुष्यभर पशुवैद्यक म्हणून काम केले, त्यामुळे तक्ते वाचायची सवय आहे. फार आकडे मात्र सांगत नाही. शंभर ग्रॅम कच्चे मांस धरा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे हरणाच्या मांसात प्रथिने सुमारे २३ ग्रॅम आणि चरबी अडीच ग्रॅमच्या आत. रानसशात प्रथिने २२ आणि चरबी सव्वादोन. काळविटाच्या जातकुळीतल्या कुरंगांचे मांसही तसेच. उष्मांक ११५ ते १२० च्या आसपास. याच्या शेजारी मेंढीचे चरबीसकट मांस ठेवले तर चरबी २० ग्रॅमच्या पुढे जाते. प्रथिनांतला फरक थोडा, खरा फरक चरबीत आहे.

आणि चरबी नुसती कमी नसते, वेगळीही असते. मायकेल क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने १९६८ साली रानातल्या आणि पाळीव जनावरांच्या मांसातल्या चरबीची तुलना प्रसिद्ध केली. रानातल्या जनावरांत एकूण चरबी थोडी, पण तिच्यात शरीराला लागणाऱ्या असंतृप्त मेदाम्लांचा वाटा मोठा. पुढे १९८५ साली ईटन आणि कॉनर या दोघांनी अश्मयुगातल्या माणसाच्या आहारावर लेख लिहिला. त्यांनी आफ्रिकेतल्या मोकळ्या चरणाऱ्या प्राण्यांच्या शरीरातली सरासरी चरबी चार टक्क्यांच्याही आत दाखवली. पाश्चात्त्य देशांतल्या पोसलेल्या जनावरांत ती २५ ते ३० टक्के. माणसाचे शरीर घडले पहिल्या मांसावर, आणि दुकानात मिळते दुसरे.

दुसरी गोष्ट लोहाची. पळणाऱ्या जनावराची मांडी कापली की ती गडद लाल दिसते. तितराची मांडीही काळपट असते. सतत काम करणाऱ्या स्नायूला प्राणवायू साठवावा लागतो. तो साठवणारे प्रथिन लोहयुक्त असते आणि त्याचाच तो रंग. हरीण, रानससा यांच्या मांसात शंभर ग्रॅमला तीन मिलिग्रॅमच्या वर लोह असते. शेडमध्ये पाच-सहा आठवडे बसून वाढलेल्या ब्रॉयलर कोंबडीच्या छातीचे मांस घ्या. चरबी तिथेही कमीच, हे मान्य. पण रंग पांढरट, आणि लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. कमी चरबी म्हणजे सगळे गुण आले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कुणी म्हणेल, तीन मिलिग्रॅमने काय होते? बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे, आणि ज्वारीतही लोह असतेच की! असते. पण ज्वारीतले लोह फायटेटने बांधलेले असते, त्यातले फार थोडे अंगी लागते. मांसातले लोह मात्र १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत शोषले जाते. शिवाय मांसाचा तुकडा त्याच ताटातल्या भाकरीचे आणि पालेभाजीचे लोहही अधिक शोषायला मदत करतो. म्हणून ज्वारीच्या मुलखात मांसाच्या थोड्याशा वाट्याचे मोल मोठे आहे. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की त्यातला बराच फायदा जातो, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडे तेवढे एक फार होते.

ज्वारीचाच विषय निघाला, म्हणून दुसरा प्रश्नही इथेच घेतो: हे मांस इतके गुणाचे का मानले गेले? १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्राचा अभ्यास केला. मानेभोवती आणि हातांवर, जिथे ऊन लागते तिथे कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. हा रोग नायासिनच्या कमतरतेचा. ज्वारीतल्या ल्युसिनचा त्यात नेमका वाटा किती, यावर नंतर बराच वाद झाला. पण नुसत्या ज्वारीवर, डाळ-दूध-मांसाशिवाय जगणाऱ्यांना तो होत होता, यावर वाद नाही. आणि नायासिन कशात मुबलक? हरणाच्या, सशाच्या, पाखराच्या मांसात. ज्वारीला लायसिन कमी पडते, तेही मांस भरून काढते. ज्याच्या घरी आठवड्यातून एकदा फाशातला ससा नाहीतर तितर शिजत होता, त्याच्या ज्वारीच्या जेवणातली नेमकी उणीव त्या हंडीतून भरून निघत होती. हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

इथे पारध्यांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फासेपारधी बारीक फासे जमिनीलगत ओळीने रोवतो; पाखराच्या जाण्या-येण्याची वाट त्याला पावलांच्या खुणांवरून कळते. बोलका तितर पिंजऱ्यात ठेवून रानतितराला बोलवायचे, शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने हरणाच्या कळपाजवळ सरकायचे, ही त्याची विद्या. या माणसांना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, लोकांच्या मनावरून पुसला गेला नाही. त्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. साल लक्षात घ्या. बहात्तरचा दुष्काळ! माणसे खडी फोडत होती, सुकडीवर आणि परदेशी लाल मिलोवर दिवस काढत होती. आणि त्याच सुमारास ज्यांचे पोट रानावर होते, त्यांचे रान कायद्याने बंद झाले.

कायदा चुकीचा होता का? नाही. मी हे स्पष्ट म्हणतो. रान पारध्याच्या फाशाने रिकामे झाले नाही. मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने! संस्थानिक चित्ते पाळून काळविटांची शिकार करीत. मग जीप आली, सर्चलाइट आले, आणि माळरान नांगराखाली गेले. १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य करावे लागले आणि आज तिथेही तो पक्षी दिसणे दुर्मीळ झाले आहे. कायदा आणायलाच हवा होता. पण ज्याच्या ताटातून आपण काही काढून घेतले, त्याच्या ताटात दुसरे काय वाढले? पारध्याला जमीन दिली का? किनवट-माहूरच्या जंगलातल्या कोलाम, गोंड, आंध कुटुंबांच्या जेवणात ती प्रथिने परत कुठून आली? हा प्रश्न विचारायचे आपण विसरलो.

आज कायद्याची स्थिती अशी. काळवीट मारले तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला रीतसर परवान्याने मारता येते, पण मेलेले जनावर सरकारजमा होते. ते कापून खाता येत नाही. शेतकऱ्याला याचा राग येतो, तो मी समजू शकतो. पण ते खाऊ नये, याला कायद्यापलीकडचीही कारणे आहेत. रानडुकराच्या मांसात जंत असू शकतात. छऱ्याने मारलेल्या जनावराच्या मांसात शिशाचे कण लांबवर पसरतात. आणि आज आपल्या शिवारात फवारणी किती, विषारी आमिषे किती! तपासणी न झालेले मांस लेकरांना घालू नये.

मग वाट कोणती? आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

मघाशी अमेरिकेच्या ज्या तक्त्याचा उल्लेख केला, त्यात ‘शिकारीचे मांस’ या मथळ्याखाली हरीण आहे, रानडुक्कर आहे, रानससा आहे, आणि त्यांच्याच रांगेत शेळी आहे. आपली शेळी! प्रथिने साडेवीस ग्रॅम, चरबी सव्वादोनच्या आसपास, लोह पावणेतीन मिलिग्रॅम. हरणाच्या शेजारी ठेवा, फारसा फरक सापडणार नाही.

हे असे का, ते खाटकाच्या दुकानात दिसते. पुढच्या वेळी घाई करू नका, टांगलेला बोकड नीट पाहा. मेंढीच्या पाठीवर कातडीखाली पांढरा थर असतो, शेपटीच्या मुळाशी असतो, मांसाच्या धाग्याधाग्यात असतो. बोकडाची पाठ उघडी लाल दिसते. त्याची चरबी आत साठते, गुर्द्याभोवती आणि आतड्यावरच्या पातळ पडद्यात. गुर्द्याभोवतीचा पांढरा गोळा बोटाने सहज सुटतो. म्हणजे ज्याला नको त्याने ती चरबी बाजूला काढावी, मांस तसेच राहते. मात्र वजन भरायला खाटकाने तीच चरबी वाट्यात टाकली तर मी सांगितलेले आकडे खरे ठरणार नाहीत. बाजारातल्या मिसळीच्या मटणात चरबी दुप्पट-तिप्पट निघते. ‘चरबी वेगळी काढा’ असे गिऱ्हाइकाने ठामपणे म्हटले पाहिजे.

आणि शेळ्यांमध्येही आपली उस्मानाबादी. जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे अजून तेच आहे. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, तिकडे तुळजापूर, परभणी, सोलापूर हे तिचे घर. बहुतेक काळीभोर, उंच पायांची, जुळी करडे देणारी, दुष्काळात तग धरणारी. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, हिवराची डहाळी मागच्या पायांवर उभी राहून ओरबाडते, दिवसभर माळ तुडवते. काळवीट ज्या मुलखात, ज्या उन्हात फिरत होते, तिथेच ही फिरते. चरकाने शेळीच्या मांसाबद्दल काय म्हटले आहे? ते फार थंड नाही, फार जड नाही, फार स्निग्ध नाही. शरीराच्या धातूंशी मिळतेजुळते आणि पोषक आहे. उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दारातून रोज जी शेळी जाते, तिचे हे वर्णन आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे: शिकारीच्या मांसाचा गुण शिकारीत नव्हता. तो चरण्यात होता, चालण्यात होता, झाडपाल्यात होता. तो गुण आपल्या गावात चार पायांवर फिरतो आहे.

याला जोड म्हणून जपानी लावा आहे. १९७४ साली तो आपल्या देशात आणला गेला आणि आता त्याची फार्म आहेत. रानातल्या लाव्याला हात न लावता त्या जातीचे मांस मिळते, लोहही चांगले असते. पण तो गरिबाच्या रोजच्या आवाक्यातला नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

शिजवण्याबद्दल मात्र बोललेच पाहिजे, कारण इथे गुण वाया जातो. कमी चरबीचे मांस मोठ्या आचेवर चामड्यासारखे होते. ते झाकण ठेवून, मंद आचेवर, पाण्यात शिजले पाहिजे. आपल्या आज्या आधी हळद-मिठाचे आळणी पाणी काढून बाळंतिणीला आणि आजाऱ्याला देत, मग येसूर आणि काळा मसाला घालून रस्सा करीत. भाकरी कुस्करून त्यात कालवली की अर्धा पाव मटण चार जणांना पुरते. हीच खरी पद्धत. आज ढाब्यावर त्याच मटणावर बोटभर तेलाचा तवंग तरंगतो. बोकडाने दिवसभर चालून जी चरबी अंगावर धरली नाही, ती आपण पळीने परत घालतो!

आणि कलेजी, वजडी, मुंडी, रक्ती. पांढरपेशा घरांनी यांना नाक मुरडले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे हे सगळे अन्न मानाने नोंदवून ठेवले, हे फार मोठे काम झाले. वाळवून ठेवलेल्या चान्यांपासून रक्तीपर्यंत. पोषणाच्या हिशेबाने पाहिले तर प्राण्याचे सर्वांत गुणाचे भाग याच चुलीवर शिजत होते. कलेजीत लोह, अ जीवनसत्त्व, बी-१२ हे सारे साध्या मांसाहून कितीतरी जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बी-१२ ची कमतरता आपल्याकडे किती खोलवर आहे, ते वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे. ज्याला आपण हीन अन्न म्हणालो, त्यात या कमतरतेचे उत्तर होते. गरोदर बाईने मात्र कलेजी बेतानेच खावी; अ जीवनसत्त्वाचा अतिरेक पोटातल्या बाळाला बाधतो.

बेताचाच आणखी एक मुद्दा. निव्वळ कमी चरबीचे मांस खाऊन माणूस जगतो का? उत्तर ध्रुवाकडे राहिलेला शोधप्रवासी स्टेफान्सन सांगतो की, तिथले लोक नुसत्या सशावर दिवस काढण्याची पाळी आली की भरपूर खाऊनही खंगत. जुलाब, डोकेदुखी, न भागणारी भूक. प्रथिने पचवायची यकृताची एक मर्यादा असते, बाकीची ताकद पिठातून आणि चरबीतून यावी लागते. हे लातुरात सांगणे मला अगत्याचे वाटते. या शहरात हजारो मुले शिकवण्यांसाठी खोल्या करून राहतात. त्यांतली काही व्यायामशाळेत जातात आणि भाकरी सोडून उकडलेली छाती आणि प्रथिनांची भुकटी खातात. पोरांनो, भाकरी सोडू नका. आणि त्याच खोल्यांतल्या मुली? त्या खानावळीच्या डब्यात पातळ वरण आणि बटाटा खाऊन बारा-बारा तास बसतात. धाप लागते, पाठ केलेले आठवत नाही, आणि आपण म्हणतो अभ्यासाचा ताण. एकदा हिमोग्लोबिन तपासा ना!

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये जवळपास ६९ टक्के. दहातली सात लेकरे! आणि शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे सुरू झाले, तर २०२५ च्या सुरुवातीला त्याचा राज्याचा निधी थांबवला गेला. एका अंड्याचा खर्च सरकारला जड झाला. खाणाऱ्या घरातल्या मुलाला अंडे आणि न खाणाऱ्याला केळे, इतकी साधी व्यवस्था होती ती.

आता तुम्ही म्हणाल, मटण सातशे-आठशे रुपये किलो, आणि तुम्ही गरिबाला मटण सांगता? खरे आहे. पूर्वी ज्यांना मोठ्याचे मांस परवडत होते, त्यांचा तो आधार २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्याने आखडला. आता बोकड उरला तो कंदुरीला आणि जत्रेला. कंदुरीच्या दिवशी एक माणूस पावशेर-अर्धा किलो खातो आणि मग दोन महिने काही नाही. शरीराला हे असे नको असते. महिन्याला जे एक किलो घरात येते, ते चार वेळा आणा, पाव पाव किलो. आणि वाढताना आधी घरातल्या पोरीला, गरोदर सुनेला, दूध सुटलेल्या लेकराला वाढा. तुकडे कारभाऱ्याच्या ताटात आणि रस्सा बायकांच्या, हे बंद करा. यात एक रुपयाही जास्त लागत नाही.

किंमत कमी व्हायची असेल तर मात्र गायरानाकडे यावे लागेल. शेळी स्वस्त वाढते ती माळावर. आज बंदिस्त शेळीपालनाचा बोलबाला आहे. खुराक घालून बोकड लवकर भरतो, हे मी नाकारत नाही. पण बसून खाणाऱ्या बोकडाच्या गुर्द्याभोवती किती चरबी चढते, ते मी पुष्कळदा कापून पाहिले आहे. आणि खुराक विकत घेणारी भूमिहीन बाई किती? तिच्या दोन-चार शेळ्या गायरानावर जगतात. ते गायरान कुठे गावपुढाऱ्याने वेढले, कुठे सरकारी प्रकल्पाला गेले. तिथे कसून खाणारे दलित आणि पारधीही आहेत, एकनाथ आवाडांनी त्यांच्यासाठी आयुष्य वेचले. त्यांना उठवा असे मी कधीही म्हणणार नाही. शेळीवालीची आणि गायरान कसणाऱ्याची झुंज लावून देऊ नये, बहुतेक वेळा ते एकच घर असते. पण धनदांडग्यांनी घेतलेले मोकळे करता येते. तिथे बोर, बाभूळ, हिवर, अंजन लावता येतात. ग्रामसभेला तो ठराव करता येतो, रोजगार हमीतून खड्डे घेता येतात. औसा, अहमदपूर, कंधार, लोहा या तालुक्यांतले जे सरपंच आज सभागृहात आहेत, त्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि शेळ्या राखणाऱ्या बायकांना त्या सभेला बोलावून कोणती झाडे हवीत ते त्यांनाच विचारावे. मला बोलावलेत तर मी येईन.